छेत्रीनंतर कोण, हे कधी ठरवायला हवं होतं?



दिल्ली गेटला उतरलात की जवळच दोन मैदानं आहेत. एक कोटला, ते सगळ्यांना माहीत. त्याच्या शेजारचं आंबेडकर स्टेडियम फुटबॉलचं. तिथे काय घडून गेलं आहे, हे इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनाही बहुधा ठाऊक नसतं. तारीख १३ ऑगस्ट २००८. एएफसी चॅलेंज कपचा अंतिम सामना, भारत विरुद्ध ताजिकिस्तान. भारत ४-१ ने जिंकला, आणि त्या विजयामुळे २०११ च्या आशिया कपात आपल्याला जागा मिळाली. त्याआधी आपण ती स्पर्धा खेळलो होतो थेट १९८४ मध्ये. त्या चार गोलांपैकी तीन सुनील छेत्रीचे होते. चौथा बायचुंग भुतियाचा.

आज मला हे तीन आणि एक धरूनच बोलायचं आहे. भुतिया तेव्हा ३१ वर्षांचा, कप्तान, देशातला सगळ्यात मोठा फुटबॉलपटू. छेत्री नुकताच २४ चा झालेला. दिल्लीतच वाढलेला मुलगा, पहिला क्लबही दिल्लीचाच, सिटी क्लब. आता नीट बघा. ज्याची जागा एक दिवस रिकामी होणार होती तो, आणि जो ती भरणार होता तो, असे दोघं त्या संध्याकाळी एकाच मैदानावर होते आणि दोघंही गोल करत होते.

आता थेट १९ मार्च २०२५ वर येऊ. शिलाँग, भारत विरुद्ध मालदीव. भारत ३-० ने जिंकला. पहिला गोल आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा, दुसरा लिस्टन कोलासोचा आणि तिसरा पुन्हा सुनील छेत्रीचा. वय ४०. हा माणूस जून २०२४ मध्ये निवृत्त झाला होता. कोलकात्याला भरलेल्या स्टेडियममध्ये निरोप झाला होता, डोळे पुसून झाले होते. नऊ महिन्यांनी त्याला परत बोलवावं लागलं.

म्हणून आजचा प्रश्न असा की फुटबॉल संघाने आपला वय होत चाललेला, गोल करणारा खेळाडू नेमका कधी बदलायचा?

आधी वय म्हणजे काय ते बघू. पुढच्या फळीतल्या खेळाडूचं काम पास घेण्याचं असतं, आणि पास घ्यायचा म्हणजे बचावपटूच्या आधी त्या जागी पोचायचं. हे सगळं पहिल्या पाच-दहा मीटरमध्ये ठरतं. पस्तिशीकडे जाताना सगळ्यात आधी तेच जातं. दुसरं, एकदा जोरात धावून आल्यावर पुन्हा तसंच धावायला तयार होण्याचा वेळ वाढतो. तिसरं, बुधवारी सामना खेळल्यावर शनिवारी अंग साथ देत नाही. नजर, अंदाज, चेंडू कुठे पडणार याचा वास, हे मात्र वयाने वाढतं. छेत्रीची उंची फार नाही, तरी तो डोक्याने इतके गोल करायचा, कारण उडी कधी मारायची हे त्याला कळायचं. ते कळणं चाळिशीतही जात नाही.

गोंधळ इथेच होतो. असा खेळाडू मिळालेली संधी वाया घालवत नाही, त्यामुळे त्याचा गोलांचा आकडा छान दिसत राहतो. त्याने न केलेल्या धावा कोणी मोजत नाही. समोरचा बचावपटू चेंडू घेऊन आरामात उभा असतो, त्याच्यावर धावून जाणारं कोणी नसतं. मग मधल्या फळीतला एखादा बिचारा दोघांचं धावणं धावतो आणि सत्तराव्या मिनिटाला तोच दमतो. लोक म्हणतात, आपली मधली फळी कच्ची आहे!

आणखी एक गोष्ट सांगतो, जी मला स्वतःला उशिरा कळली. खेळाडूचं वय समोर कोण आहे त्यावर दिसतं. २०२३ च्या जूनमध्ये बेंगळुरूला सॅफ स्पर्धा झाली. छेत्रीने पाकिस्तानविरुद्ध हॅट्ट्रिक केली, पूर्ण स्पर्धेत ५ गोल केले आणि तोच सर्वाधिक गोल करणारा ठरला. वय ३८. तेव्हा त्याला बदला म्हणणाऱ्याला वेड्यात काढलं असतं. त्या हॅट्ट्रिकमधले दोन गोल पेनल्टीचे होते, पण तो हिशोब कोण करतो? मग सहा-सात महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, कतारला आशिया कप. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ०-२, उझबेकिस्तानविरुद्ध ०-३, सीरियाविरुद्ध ०-१. तीन सामन्यांत पूर्ण संघाचा एकही गोल नाही. छेत्री तोच, प्रशिक्षक तोच, इगोर स्टिमाच. फक्त समोरचे बचावपटू बदलले होते. नेपाळ-पाकिस्तानसमोर तो म्हातारा झाला नव्हता, उझबेकिस्तानसमोर झाला होता. म्हणून पहिली कसोटी माझ्या मते ही की तुम्हाला ज्यांना हरवायचं आहे, त्यांच्यासमोर तो कसा दिसतो ते बघा. ज्यांना तुम्ही एरवीही हरवणार आहात, त्यांच्यासमोरचे गोल वेगळ्या वहीत लिहा.

दुसरी कसोटी सोपी वाटते, पण सगळे तिथेच चुकतात. ज्येष्ठ खेळाडूची तुलना त्याच्या पंचविशीतल्या रूपाशी करायची नाही. आपल्या स्वप्नातल्या एखाद्या तरुण पोराशीही करायची नाही. उद्या सकाळी खरोखर जो त्याच्या जागी उभा राहणार आहे, त्याच्याशी करायची. नाहीतर हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं होतं.

इथे थोडं अमेरिकेत जाऊन येऊ. तिथला फुटबॉल वेगळा, हातात चेंडू घेऊन खेळायचा. त्यात ‘रिसीव्हर’ म्हणून एक जागा असते. लांबून फेकलेला चेंडू बचावपटूला चुकवत धावत जाऊन झेलायचा, हे त्याचं काम. या जागेवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून जेरी राइसचं नाव घेतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात तो १९८५ पासून होता. डिसेंबर २००० मध्ये तिथल्या मैदानावरचा त्याचा शेवटचा सामना झाला. लोक राइसला बघायला आले होते, आणि त्याच दिवशी त्याच संघातल्या टेरेल ओवेन्सने २० झेल घेऊन त्या वेळचा विक्रम केला. राइसला पुढच्या हंगामाआधी सोडलं, तो ३८ वर्षांचा होता. तो खाडीपलीकडच्या ओकलंड संघात गेला आणि तिथे लागोपाठ दोन हंगाम त्याने हजार यार्डांचा टप्पा ओलांडला. २००३ च्या जानेवारीत, चाळिशीत, तो सुपर बोल खेळत होता.

मग सॅन फ्रान्सिस्को चुकलं का? नाही. त्यांच्याकडे ओवेन्स होता. राइस संपला नव्हता हे खरं, आणि त्याला सोडणं बरोबर होतं हेही खरं. आपल्याकडे वाद घालताना माणसं एकच बाजू धरतात. एकतर ‘तो संपला’, नाहीतर ‘त्याच्यावर अन्याय झाला’. दोन्ही नसूनही बदल योग्य असू शकतो.

दिल्लीतलंच क्रिकेटचं उदाहरण घ्या. मार्च २०१३, ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका मध्यावर होती. निवड समितीचे अध्यक्ष होते आपले संदीप पाटील. वीरेंद्र सेहवागला, वय ३४, उरलेल्या कसोट्यांतून वगळलं. नजफगढपासून नोएडापर्यंत लोक चिडले. पुढची कसोटी मोहालीला. सेहवागच्या जागी आला शिखर धवन, तोही दिल्लीचाच, तोही सलामीचा. पहिल्याच कसोटीत १८७ धावा, त्यातलं शतक ८५ चेंडूंत. दोन-तीन दिवसांत वाद मिटला. निवड समिती धाडसी होती हे मान्य, पण ते धाडस परवडलं कशामुळे? धवन २००४ पासून दिल्लीकडून रणजी खेळत होता. नऊ वर्षं दारात उभा होता. रणजीत सलामीच्या जागेवर परदेशी फलंदाज नसतो, त्यामुळे रांगेत कोणीतरी असतंच.

फुटबॉलमध्ये ती रांगच मोडली, आणि माझ्या मते छेत्रीच्या बाबतीत खरा घोटाळा हा आहे.

जुनी साखळी आठवून बघा. आय. एम. विजयन खेळत होता तेव्हा १९९५ मध्ये भुतिया आला. दोघं आठ वर्षं एकत्र खेळले. छेत्री जून २००५ मध्ये क्वेट्ट्याला पाकिस्तानविरुद्ध पहिला सामना खेळला, पहिल्याच सामन्यात गोल केला, आणि मग सहा वर्षं भुतियाबरोबर राहिला. भुतियाचा शेवटही काही फार नीट झाला नाही, हे सांगायला हवं. २०११ च्या आशिया कपला तो दुखापत घेऊनच दोह्याला गेला. पहिले दोन सामने बाहेर बसला, तिसऱ्यात दक्षिण कोरियाविरुद्ध शेवटी थोडा वेळ उतरला. बॉब हॉटन प्रशिक्षक होते, त्यांनी नावाला मान दिला. संघातली एक जागा वाया गेली म्हणा हवं तर. पण संघ कोसळला नाही, कारण बहारीन आणि कोरिया, दोघांविरुद्धही छेत्रीने गोल केले. भारत तिन्ही सामने हरला, तरी भुतियानंतर कोण, हा प्रश्न कोणाच्या तोंडी नव्हता. पुढे १० जानेवारी २०१२ ला इथे नेहरू स्टेडियममध्ये बायर्न म्युनिकविरुद्ध भुतियाचा निरोपाचा सामना झाला. आपण ०-४ ने हरलो. लोक तरीही खूश होऊन घरी गेले. निरोप असाच असावा, ज्याचा संघाच्या भवितव्याशी काही संबंध उरलेला नाही.

मग २०१४ आलं, इंडियन सुपर लीग सुरू झाली. दिल्लीला संघ मिळाला, दिल्ली डायनामोज. त्यांनी आणलं कोणाला, तर इटलीच्या अलेस्सांद्रो देल पिएरोला. जगज्जेता खेळाडू, पण चाळिशी गाठायला आलेला. स्पर्धा चालू असतानाच त्याचा चाळिसावा वाढदिवस झाला. १० सामन्यांत त्याने १ गोल केला, संघ पाचवा आला, उपांत्य फेरी हुकली. मी तक्रार करत नाही. नाव बघून लोक मैदानावर आले, फुटबॉल टीव्हीवर दिसायला लागलं. मात्र त्या वेळचा नियम असा होता की मैदानावरच्या अकरांपैकी सहा परदेशी चालायचे. सहा परदेशी घ्यायचे तर कोणत्या जागांवर घेणार? गोल करायच्या जागेवर आधी. सामने तिथे जिंकले जातात, तिकिटंही तिथेच विकली जातात. पुढे सहाचे पाच झाले, २०२१-२२ पासून चार झाले, पण ती जागा बहुतेक संघांत परदेश्याचीच राहिली. भारतीय पोरगा एकतर बाजूला पंखावर खेळला, नाहीतर बाकावर बसला. छेत्री सुटला, कारण लीग आली तेव्हा तो आधीच छेत्री झाला होता.

एकच भारतीय या गर्दीतून वर आला होता, मिझोरामचा जेजे लालपेखलुआ. भारतासाठी त्याने २३ गोल केले. ६ जानेवारी २०१९ ची अबू धाबीतली रात्र आठवा. आशिया कप, थायलंडवर ४-१ असा विजय. छेत्रीचे दोन गोल, आणि त्या रात्री तो आंतरराष्ट्रीय गोलांत मेस्सीच्या पुढे गेला. ६७ विरुद्ध ६५. पेपरांत दुसऱ्या दिवशी तेवढंच होतं. चौथा गोल बदली म्हणून उतरलेल्या जेजेचा होता, हे मागे पडलं. जेजे तेव्हा २८ व्या वर्षात पाऊल टाकत होता, छेत्री ३४ चा होता. आंबेडकर स्टेडियमवरचं भुतिया-छेत्रीचं चित्र पुन्हा जुळून आल्यासारखं वाटत होतं. त्याच वर्षी जेजेचा गुडघा गेला. पुढचा पूर्ण हंगाम तो खेळू शकला नाही, आणि नंतर तो पूर्वीचा जेजे राहिला नाही. रांगेत एकच माणूस होता, तो गेला, आणि मागे वळून बघितलं तर कोणी नव्हतं.

मला कोणी नेमकी तारीख विचारली, तर मी ती रात्र सांगेन. छेत्री सगळ्यात उंचावर होता तेव्हा. त्याला काढायला नव्हे, तर त्याच्याबरोबर दोन-तीन जणांना खरे सामने खेळवायला सुरुवात करायला. मालदीव-नेपाळविरुद्ध छेत्रीला घरी बसवायचं, आकडा वाढला नाही तरी चालेल. मोठ्या सामन्यात त्याला साठाव्या मिनिटाला बाहेर काढायचं, किंवा साठाव्या मिनिटाला आत आणायचं. ज्येष्ठ खेळाडू बदलणं हे चार-पाच वर्षांचं काम असतं आणि ते मिनिटांत मोजायचं असतं. आपण त्याला एका दिवसाचं समजलो, आणि तो दिवस कोणता हे छेत्रीवर सोडून दिलं. त्याने १६ मे २०२४ ला स्वतःच व्हिडिओ टाकून सांगितलं, ६ जूनला कुवेतविरुद्ध ०-० असा शेवटचा सामना खेळला, आणि गेला. तोपर्यंत १५१ सामने आणि ९४ गोल.

त्यानंतर काय झालं? २०२४ मधल्या उरलेल्या पाच सामन्यांत पूर्ण संघाचे तीन गोल. एक छांगतेचा, एक अंबरनाथच्या फारुख चौधरीचा, एक राहुल भेकेचा, आणि भेके तर बचावपटू! त्या पूर्ण वर्षात भारत एकही सामना जिंकला नाही. दुसरीकडे निवृत्त छेत्री बेंगळुरूसाठी लीगमध्ये १४ गोल करून त्या हंगामातला सगळ्यात यशस्वी भारतीय गोलकर्ता ठरला. नवे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? समोर आशिया कपची पात्रता फेरी आहे, नोकरी निकालावर आहे. मी त्यांना दोष देत नाही. दुसऱ्या कसोटीने बघितलं तर त्यांचा निर्णय बरोबरच होता. उद्या सकाळी उभा राहणारा जो कोणी होता, त्याच्यापेक्षा चाळिशीचा छेत्री बरा होता. पाच वर्षांपुढचं बघणं प्रशिक्षकाचं कामच नाही. ते काम द्वारकेच्या फुटबॉल हाउसमध्ये बसणाऱ्या महासंघाचं.

मालदीवविरुद्धच्या त्या गोलाने मात्र खरं उत्तर मिळालं नाही. तो मैत्रीपूर्ण सामना होता. सहा दिवसांनी त्याच शिलाँगला पात्रता फेरीचा पहिला सामना, बांगलादेशविरुद्ध, ०-०. जूनमध्ये हाँगकाँगकडून ०-१. पहिली कसोटी आठवते ना, समोर कोण आहे ती?

मग आले खालिद जमील. मुंबईच्या मैदानांवर खेळलेला आणि शिकवलेला माणूस, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी आहे, आधीच सांगून ठेवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ते मुख्य प्रशिक्षक झाले आणि लगेचच्या काफा नेशन्स कपला त्यांनी छेत्रीला नेलंच नाही. भारताने यजमान ताजिकिस्तानला हरवलं, तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं. छेत्रीशिवाय! आणि पुढच्याच महिन्यात सिंगापूरविरुद्धच्या दोन सामन्यांसाठी त्यांनी छेत्रीला परत बोलावलं. मला विचाराल तर चूक इथे झाली. मार्चमध्ये दुसरा पर्याय नव्हता. ऑक्टोबरमध्ये होता, नुकताच तिसरा क्रमांक घेऊन आलेला. ९ ऑक्टोबरला सिंगापुरात १-१, तोही ९० व्या मिनिटाला रहीम अलीच्या गोलामुळे, दहा जणांनी खेळताना. १४ तारखेला मडगावला, फातोर्ड्याच्या मैदानावर, आघाडी घेऊन १-२ असा पराभव. २०२७ चा आशिया कप गेला. छेत्री नसता तर जिंकलो असतो, असं मी म्हणणार नाही, ते कोणीच सांगू शकत नाही. पण हरायचंच होतं तर ती मिनिटं पुढच्या माणसाच्या पायांत जमा झाली असती.

छेत्रीने नोव्हेंबरमध्ये पुन्हा थांबल्याचं सांगितलं. पात्रता फेरीसाठी आलो होतो, ती संपली, इतकं साधं. त्याच महिन्यात ढाक्याला बांगलादेशने आपल्याला १-० ने हरवलं.

तुम्ही दिल्लीत असाल तर एक करा. सुब्रतो कपचे शाळकरी सामने आंबेडकर स्टेडियमवर असले, की एखाद्या दुपारी जाऊन बसा. तिथे प्रत्येक संघात नऊ नंबर घालून गोलासमोर उभा राहणारा एक मुलगा असतो, आणि त्या वयात तो शंभर टक्के भारतीयच असतो. मग रात्री लीगचा सामना लावा आणि दोन्ही संघांची यादी आली की त्याच जागेवरचं नाव वाचा. नाव भारतीय असेल तर घड्याळ लावा आणि तो किती मिनिटं खेळतो ते मोजा.

पुढच्या भागात गोलरक्षकाबद्दल बोलू, तिथे वयाचं गणित पूर्ण उलटं आहे.